कोल्मन्सकॉप हिरे संपले म्हणून ओस पडले नाही

नामिबियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ल्युडेरिट्झ नावाचे बंदर आहे. तिथून थोडे आत, नामिब वाळवंटात, कोल्मन्सकॉप हे सोडून दिलेले गाव लागते. कुठे गुडघाभर तर कुठे छातीभर वाळू साचलेल्या त्याच्या खोल्या, बिजागरीतून निखळलेली दारे आणि भिंतींवर अजून तग धरून असलेला निळा-हिरवा रंग यांची छायाचित्रे बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असतात. या छायाचित्रांबरोबर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि आता तो मराठीतही, जरा जास्तच तिखटमीठ लावून, फिरू लागला आहे. त्याचा सारांश असा: कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या ओसाड वाळवंटात १९०८ साली एका जर्मन रेल्वे अधिकाऱ्याला हिरा सापडला, हिरे इतके विपुल होते की लोक चांदण्या रात्री वाळूवर पालथे पडून चमकणारे खडे वेचत, पाहता पाहता तिथे जगातले सर्वांत श्रीमंत गाव उभे राहिले, ज्यात आफ्रिकेतली पहिली ट्राम आणि दक्षिण गोलार्धातले पहिले क्ष-किरण यंत्र होते, मग एके दिवशी हिरे संपले, लोक जेवणाची ताटे टेबलावर तशीच टाकून रातोरात निघून गेले आणि शापित गाव वाळवंटाने गिळले.

या मजकुरातील काही विधाने निखालस खोटी आहेत आणि काहींत सत्याचा अंश आहे, ज्याच्या बळावर बाकीचे खपून जाते. पण या साऱ्या चुका एकाच दिशेला झुकलेल्या आहेत. ज्यांच्या श्रमावर आणि जिवावर हे गाव उभे राहिले ती माणसे, आणि जिच्या हिशेबाने ते बंद पडले ती कंपनी, अशा दोघांनाही गोष्टीतून अलगद बाहेर काढले जाते. मागे उरतात ते नशीब आणि वाळू. म्हणून एकेक विधान तपासणे आवश्यक वाटते.

जमीन कोणाच्याही मालकीची नव्हती, हे पहिले विधान. हा किनारा बेथनी येथील नामा समाजाचा होता आणि त्याचा कागदोपत्री पुरावा जर्मनांनीच करून ठेवलेला आहे. ब्रेमेनचा तंबाखू व्यापारी आडोल्फ ल्युडेरिट्झ याने मे १८८३ मध्ये नामा प्रमुख योसेफ फ्रेडरिक्स यांच्याशी करार करून १०० पौंड आणि २०० बंदुकांच्या मोबदल्यात आंग्रा पेकेना हा उपसागर (आजचे ल्युडेरिट्झ बंदर इथेच आहे) आणि त्याभोवतीची जमीन घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा करार झाला आणि ऑरेंज नदीपासून २६ अंश दक्षिण अक्षांशापर्यंतचा किनारा, आतल्या बाजूला २० मैल रुंदीच्या पट्ट्यासह, त्याच्या पदरात पडला. येथे मैलाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. फ्रेडरिक्स यांच्या परिचयाचा मैल इंग्रजी होता, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरचा. करारात जो धरला गेला तो जर्मन भौगोलिक मैल होता आणि तो सुमारे ७.४ किलोमीटरचा असतो. त्यामुळे ज्या पट्ट्याची रुंदी फ्रेडरिक्स यांच्या समजुतीप्रमाणे ३२ किलोमीटरच्या आसपास होती, ती जर्मन हिशेबाने दीडशेच्या घरात गेली. नामा लोकांनी याविरुद्ध तक्रार केली, पण तिची दाद लागली नाही. ज्या जमिनीला मालकच नाही तिच्यासाठी कोणी करारपत्र करत नाही आणि मापात लबाडी करण्याची गरज तर मुळीच पडत नाही.

आता 'ओसाड' या शब्दाकडे वळू. नामिबचा हा भाग कोरडा आणि विरळ वस्तीचा होता हे खरेच. पण १९०८ साली तो जितका रिकामा दिसत होता त्याचे कारण एकटे हवामान नव्हते. तोवर जर्मन वसाहत झालेल्या या देशात जानेवारी १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर त्यांना निर्जल ओमाहेके प्रदेशात हाकलण्यात आले आणि २ ऑक्टोबर १९०४ रोजी सेनापती लोथार फॉन ट्रोथा याने जर्मन हद्दीत सापडणाऱ्या प्रत्येक हेरेरोला, सशस्त्र असो वा निःशस्त्र, गोळी घालण्याचा लेखी हुकूम काढला. त्याच महिन्यात हेंड्रिक विटबोई यांच्या नेतृत्वाखाली नामा लोकही लढ्यात उतरले. पुढे जे हेरेरो आणि नामा जिवंत हाती लागले त्यांच्यापैकी अनेकांना छळछावण्यांत डांबण्यात आले आणि त्यांतली सर्वांत भयंकर छावणी ल्युडेरिट्झच्या बंदराला लागूनच असलेल्या शार्क बेटावर होती. दक्षिण अटलांटिकच्या थंड वाऱ्यात, खडकावर, अपुऱ्या अन्नवस्त्रांवर माणसे तिथे मरत राहिली. ज्यांच्याकडून हा किनारा घेतला त्याच बेथनीच्या नामा समाजाचे नेते कोर्नेलिअस फ्रेडरिक्स फेब्रुवारी १९०७ मध्ये याच बेटावर मरण पावले. आज त्या बेटावर पर्यटकांसाठी तंबू ठोकण्याची सोय आहे.

या छावणीचा आणि हिऱ्यांचा संबंध दूरचा नाही. ल्युडेरिट्झहून आत औसपर्यंत जाणारा लोहमार्ग १९०६ साली खुला झाला आणि पुढे तो कीटमन्सहूपपर्यंत नेण्यात आला. युद्धासाठी सैन्य आणि रसद पोचवणे हा त्याचा मूळ हेतू होता आणि त्याच्या बांधकामावर छावणीतील कैदी जुंपले गेले. जानेवारी १९०६ ते जून १९०७ या काळात दक्षिणेच्या या मार्गावर राबवलेल्या २,०१४ कैद्यांपैकी १,३५९ जण मेले, ही नोंद जर्मन प्रशासनाच्याच दप्तरातली आहे. म्हणजे दर तिघांपैकी दोघे. पहिला हिरा ज्या रुळांवरची वाळू उपसताना मिळाला ते हेच रूळ. गावाची गोष्ट १९०८ पासून सुरू करण्यातली खोट अशी की त्या तारखेच्या आधीची दोन-तीन वर्षे वगळली की सगळेच निष्पाप दिसू लागते.

दुसरे विधान शोधाविषयीचे आहे. ऑगस्ट श्टाउख हा जर्मन गृहस्थ खराखुरा होता, त्याच्या नावावर हक्क नोंदले गेले हेही खरे, पण हिरा त्याला सापडला नाही. श्टाउख १९०७ साली दम्याच्या त्रासामुळे कोरड्या हवेसाठी जर्मनीतील थुरिंगियातून इथे आला होता. ग्रासप्लात्झ या छोट्या स्थानकाजवळच्या रेल्वेच्या तुकड्याची देखरेख त्याच्याकडे होती आणि ही देखरेख म्हणजे मुख्यतः वाऱ्याने रुळांवर आणून टाकलेली वाळू हलवण्याचे न संपणारे काम. ते काम अर्थातच तो स्वतः फावडे घेऊन करत नव्हता. १४ एप्रिल १९०८ रोजी फावडे ज्यांच्या हातात होते त्यांचे नाव झकारियास लेवाला. ते केप वसाहतीतून मजुरीसाठी आले होते आणि त्याआधी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणींत काम केले होते. कच्चा हिरा हा पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा मुळीच दिसत नाही. तो तेलकट चकाकीचा, बऱ्याचदा धुरकट, तुरटीच्या खड्यासारखा बारका तुकडा असतो आणि गारगोट्यांच्या वाळूत तो ओळखायला सरावलेली नजर लागते. त्या दिवशी तशी नजर तिथे लेवाला यांच्यापाशी होती. त्यांनी खडा वेचला आणि वरिष्ठाकडे नेऊन दिला. श्टाउखने घड्याळाच्या काचेवर ओरखडा काढून त्याची परीक्षा केली असे सांगतात.

पुढे जे घडले त्यात श्टाउखची हुशारी नाकारण्याचे कारण नाही. त्याने गाजावाजा न करता आधी शोधाचे परवाने मिळवले, सोबत भांडवलवाले भागीदार घेतले, नोकरी सोडली आणि खड्याची तज्ज्ञांकडून रीतसर खात्री होऊन बातमी फुटेपर्यंत मोक्याच्या जागा त्याच्या हाती आल्या होत्या. लेवाला यांना मात्र या शोधाचे ना बक्षीस मिळाले ना वाटा. श्टाउखचा उल्लेख करताना त्याचे जन्मगाव, आजार, भरभराट आणि जागतिक मंदीत बुडालेली संपत्ती हे सारे तपशील मिळतात. तो १९४७ साली जर्मनीत कफल्लक अवस्थेत वारला, इथपर्यंत. लेवाला यांच्याविषयीच्या नोंदी त्या एप्रिल महिन्यानंतर जवळजवळ थांबतात. फिरणाऱ्या मजकुराने हा अन्याय निर्माण केलेला नाही. पण 'अधिकाऱ्याला हिरा सापडला' असे लिहून त्याने उरलेसुरले नावही पुसले आहे.

चांदण्यातील हिरेवेचीची कथा सर्वांत लोकप्रिय आहे आणि तिच्यात सत्याचा एक कणही आहे, फक्त तो दुसऱ्या जागेचा आहे. कोल्मन्सकॉपपासून बऱ्याच अंतरावर, दक्षिणेला पोमोनाजवळ एक दरी आहे. १९०९ च्या सुरुवातीला श्टाउख आणि बर्लिनचे खाणशास्त्राचे प्राध्यापक रोबर्ट शायबं तिथे पोचले तेव्हा हिरे जमिनीवर उघडे पडलेले दिसले. त्या दरीला परीकथेतली दरी अशा अर्थाचे जर्मन नाव मिळाले आणि चांदण्याची कथा तिच्याभोवती गुंफली गेली. ती नंतर आख्खीच्या आख्खी कोल्मन्सकॉपच्या खाती जमा झाली. हिरा स्वतः अंधारात उजळत नाही हे वेगळे सांगायला नको. चांदण्यात तो फार तर प्रकाश परतवतो, आणि तेवढे काचेचा तुकडाही करतो.

मात्र हिरे वर उघडे का पडले होते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढे गाव का सुटले याचे उत्तर त्याच्यातच आहे. किंबर्लीत हिरे सापडतात ते ज्या ज्वालामुखी नळ्यांतून खोलातून वर आले त्या नळ्यांतच. कोल्मन्सकॉपला अशी नळी नाही. इथले हिरे आफ्रिकेच्या अंतर्भागातील तशाच नळ्यांची कोट्यवधी वर्षे झीज होऊन ऑरेंज नदीबरोबर समुद्रात गेले, लाटा आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने ते उत्तरेकडे सरकवले आणि मग नैर्ऋत्येकडून सतत वाहणाऱ्या जोरकस वाऱ्याने आपले काम केले. सुपात धान्य पाखडताना भूस उडून दाणा मागे राहतो, तशी हलकी वाळू उडून गेली आणि हिरे भरड खड्यांसोबत दऱ्यांच्या तळाशी साठले. या प्रवासाचा एक परिणाम असा की नदीच्या मुखापासून जितके उत्तरेला जावे तितके हिरे लहान होत जातात. ल्युडेरिट्झच्या परिसरातले सरासरी कॅरेटचा पाचवा भाग किंवा त्याहून लहान असत. दुसरा परिणाम असा की तडे गेलेले दगड वाटेतच फुटून गेले आणि जे टिकले त्यांतील बहुतेक सगळे दागिन्यांच्या प्रतीचे निघाले.

'लोक' हिरे वेचत, या शब्दाबद्दलही आक्षेप आहे. कोणीही यावे आणि खिसे भरून जावे अशी मुभा असलेला काळ जेमतेम पाच महिन्यांचा होता. सप्टेंबर १९०८ मध्ये जर्मन वसाहत खात्याचे प्रमुख बर्नहार्ड डर्नबुर्ग यांच्या आदेशाने २६ अंश अक्षांशापासून ऑरेंज नदीपर्यंत आणि किनाऱ्यापासून १०० किलोमीटर आतपर्यंतचा सारा मुलूख प्रतिबंधित जाहीर झाला. उत्तरेची सीमा ल्युडेरिट्झच्या करारातली तीच. परवानगीवाचून आत पाऊल टाकणेही गुन्हा ठरला. हिऱ्यांची विक्री १९०९ पासून बर्लिनमधल्या एकाच अधिकृत संस्थेमार्फत होऊ लागली. त्या काळची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत माणसे रात्री नव्हे, भर उन्हात काम करताना दिसतात. आफ्रिकी कामगारांची एक आडवी रांग, सगळे जमिनीलगत वाकलेले किंवा हातापायांवर रांगणारे, समोरची भुई वीतभर वीतभर तपासत पुढे सरकणारे, आणि मागे उभा असलेला पांढऱ्या टोपीचा देखरेख करणारा. मजकुरातील निवांत, स्वप्नाळू हिरेवेच ती हीच. पुढे तर हाताने वेचण्याऐवजी वाळू यंत्रांनी चाळली जाऊ लागली, त्यासाठी १९११ साली ल्युडेरिट्झला वीजकेंद्र उभारले गेले आणि वाळवंटात विजेवर चालणारी रेल्वे धावू लागली.

आता श्रीमंतीकडे. जगातले सर्वांत श्रीमंत गाव, हे बिरुद कोणी, कोणत्या मोजमापाने दिले हे कोठेही सांगितलेले नसते. उत्पादन प्रचंड होते यात वाद नाही. १९१२ साली या भागातून सुमारे १० लाख कॅरेट हिरे निघाले, म्हणजे जगाच्या उत्पादनाच्या सुमारे १२ टक्के, आणि १९०८ ते १९१४ या जर्मन काळात एकूण ५० लाख कॅरेटहून अधिक. परंतु गावातून किती संपत्ती निघाली आणि गावात किती राहिली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हिरे युरोपच्या बाजारात गेले, नफा भागधारकांकडे गेला आणि निर्यातीवरील जबर कर वसाहतीच्या तिजोरीत जमा झाला. गावात राहिले ते कंपनीच्या पगारावरचे अभियंते, कारकून, डॉक्टर, शिक्षक आणि त्यांची कुटुंबे. भरभराटीच्या काळात ही वस्ती सुमारे ३०० प्रौढ जर्मन आणि ४० मुले इतकी असल्याचे सांगतात. घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचत, पाणी सुरुवातीला थेट केप टाउनहून जहाजाने येई, बेकरी, खाटकाचे दुकान, व्यायामशाळा, नाट्यगृहाचे काम देणारे सभागृह, स्किटल्सचा खेळ आणि पोहण्याचा तलाव होता. हे सगळे खरे आहे आणि त्याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे.

पण त्याच गावाची सांगितली जाणारी आणखी एक संख्या मजकुरात कधीच येत नाही: सुमारे ८०० ओवाम्बो कंत्राटी कामगार. हे लोक उत्तरेतून, शेकडो मैलांवरून, ठरावीक मुदतीच्या करारावर येत, घरच्यांना सोबत आणण्याची मुभा नसे आणि राहण्यासाठी बराकी असत. म्हणजे गावातील बहुसंख्य रहिवासी हेच. छायाचित्रांतून प्रसिद्ध झालेली ती उंच छताची, रंगीत भिंतींची घरे त्यांची नव्हती. दरडोई उत्पन्न काढताना डोई मोजायच्या त्या ३०० की ११००, एवढा एक प्रश्न विचारला तरी 'जगातील सर्वांत श्रीमंत गाव' हे विधान डळमळते.

पहिलेपणाच्या दाव्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. केप टाउनमध्ये घोड्यांची ट्राम १८६३ साली आणि विजेची १८९६ साली सुरू झाली. कोल्मन्सकॉप ही वस्तीच १९०८ नंतरची, त्यामुळे आफ्रिकेतील पहिली ट्राम तिथे असणे शक्यच नाही. गावात होती ती अरुंद रुळांवरून बर्फ, सामान आणि कधी बाजाराला निघालेल्या बायकांना नेणारी छोटी गाडी. क्ष-किरणांचेही तेच. राँटगेन यांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा आहे, १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियात क्ष-किरण चित्रे घेतली गेली आणि १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश लष्करी डॉक्टर दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांतात ही यंत्रे वापरत होते. दोन्ही ठिकाणे दक्षिण गोलार्धातलीच. कोल्मन्सकॉपच्या रुग्णालयातील यंत्र त्या मानाने लवकरचे होते, एवढेच फार तर म्हणता येईल. मला अधिक लक्षणीय वाटते ते त्याच्या उपयोगाविषयी तिथे सांगितले जाते ते: मोडलेली हाडे पाहण्याबरोबरच कामगारांनी हिरे गिळले आहेत का, हे तपासण्यासाठीही ते वापरले जाई. किंबर्लीत १८८५ पासून आफ्रिकी खाणकामगारांना करार संपेपर्यंत बंदिस्त आवारांत कोंडले जाई आणि सोडण्यापूर्वी काही दिवस वेगळे ठेवून त्यांच्या विष्ठेची तपासणी होई. त्याच संशयाची ही विजेवर चालणारी सुधारित आवृत्ती होती. प्रगतीची खूण म्हणून ज्या यंत्राची जाहिरात होते त्याची ही बाजू सांगितली पाहिजे.

सर्वांत मोठी चूक शेवटाविषयीची आहे. 'हिरे संपले आणि लोक रातोरात गेले' या वाक्यातील दोन्ही भाग चुकीचे आहेत.

आधी क्रम पाहू. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी ल्युडेरिट्झ घेतले आणि ९ जुलै १९१५ रोजी जर्मन सैन्याने शरणागती पत्करली. काही काळ काम विस्कळीत झाले, पण गाव रिकामे झाले नाही. १९२० साली दक्षिण आफ्रिकेतील खाण उद्योजक अर्नेस्ट ओपेनहायमर यांनी जर्मन कंपन्यांचे हक्क सुमारे ३५ लाख पौंडांना एकत्र विकत घेऊन नवी कंपनी उभी केली. युद्धानंतर आपली मालमत्ता जप्त होईल या धास्तीत असलेल्या जर्मन मालकांनी हा सौदा मुकाट्याने स्वीकारला. नव्या कंपनीचे कामकाज कोल्मन्सकॉपहूनच चालू राहिले. मग १९२८ च्या सुमारास ऑरेंज नदीच्या मुखाजवळ, समुद्राच्या जुन्या पातळीवरच्या पुळणींत, हिऱ्यांचे नवे साठे सापडले. वर सांगितल्याप्रमाणे नदीच्या मुखाशी हिरे मोठे असतात. तेवढीच वाळू उपसून कित्येक पट मोलाचा माल हाती येत असेल तर कोणतीही कंपनी काय करील हे सांगायला नको.

त्यात १९२९ ची मंदी आली आणि हिऱ्यांची मागणी कोसळली. त्याच वर्षाच्या अखेरीस ओपेनहायमर हे किंबर्लीच्या खाणी चालवणाऱ्या डी बिअर्स या कंपनीचेही अध्यक्ष झाले होते, म्हणजे किंबर्ली आणि नामिब या दोन्हींकडचा नळ एकाच हातात आला. भाव टिकवण्यासाठी पुरवठा तोडणे हे त्या धंद्याचे जुनेच धोरण. १९३२ मध्ये डी बिअर्सने आपल्या किंबर्लीच्या खाणीसुद्धा बंद ठेवल्या आणि तिथले हिरे तर निश्चितच संपलेले नव्हते. कोल्मन्सकॉपच्या आसपासचे काम याच सुमारास थांबले. उथळ थरांतला सोपा माल बराचसा उचलला गेला होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु उरलेल्याकडे पाठ फिरवण्याचा निर्णय हिशेबाच्या वहीवरून झाला. १९३६ साली नदीच्या मुखाशी ओरान्येमुंड हे नवे कंपनीगाव वसवण्यात आले. १९४३ साली कंपनीचे मुख्यालय कोल्मन्सकॉपहून तिकडे हलले. शेवटचे रहिवासी बाहेर पडले ते १९५६ साली. पहिल्या नव्या साठ्यापासून शेवटच्या कुटुंबापर्यंत हा अठ्ठावीस वर्षांचा पसारा आहे. त्याला 'रातोरात' म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टा आहे.

टेबलावर टाकून दिलेल्या ताटांबद्दल तर ती छायाचित्रेच साक्ष देतात. वाळू भरलेल्या त्या खोल्या रिकाम्या आहेत. तिथे ना टेबल आहे, ना पलंग, ना कपाट. बदली झालेली कुटुंबे सामानसुमान बांधून गेली, कंपनीने कामाची यंत्रे दक्षिणेकडे नेली आणि मागे राहिलेल्यातले उपयोगी लाकूड आणि लोखंड पुढच्या काळात लोकांनी काढून नेले. दुरुस्त केलेल्या मोजक्या घरांत जे फर्निचर दिसते ते पाहुण्यांना जुने दिवस दाखवण्यासाठी मांडलेले आहे.

हिरे संपले नव्हते याचे पुरावे आजचेही आहेत. कोल्मन्सकॉपच्या दक्षिणेला, ल्युडेरिट्झपासून सुमारे ३० किलोमीटरवर एलिझाबेथ बे नावाचे असेच एक ओस पडलेले खाणगाव आहे. त्याच्या पडक्या भिंतींच्या शेजारीच १९९१ साली खाण पुन्हा सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षे चालली. ओरान्येमुंडच्या पुळणीवर समुद्र वाळूच्या बांधांनी मागे रेटून हिरे काढण्याचे काम एकविसाव्या शतकातही चालू होते, आणि एप्रिल २००८ मध्ये ते करतानाच तिथल्या भूवैज्ञानिकांना एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. ते १५३३ साली लिस्बनहून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे निघालेले बोम जेझुस असावे असे मानले जाते. त्यात दोन हजारांवर सोन्याची नाणी आणि टनावारी तांबे होते. लेवाला यांनी पहिला खडा वेचल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती आणि त्याच प्रतिबंधित पट्ट्यात उपसा सुरूच होता. आता नामिबियाचे बहुतांश हिरे समुद्राच्या तळातून, खास जहाजांनी खेचून काढले जातात. मार्च १९९० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर १९९४ साली सरकार आणि डी बिअर्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची नामदेब ही कंपनी स्थापन झाली आणि जमिनीवरचे काम तिच्याकडे आहे.

शापाची कथा कोठून आली याचा शोध घेण्याइतकी ती महत्त्वाची नाही, पण वाळूने गाव गिळले या कल्पनेचे उत्तर द्यावे लागेल. वाळू लोक गेल्यानंतर आली असे नाही. ती पहिल्या दिवसापासून तशीच येत होती, आणि श्टाउखची नोकरीही तिच्याचमुळे होती. गाव नांदते असताना रस्ते, दारे आणि रूळ रोज झाडून काढणारे हात होते आणि ते हात कोणाचे होते हे वर आलेच आहे. कंपनीने मजुरी देणे थांबवले तशी वाळू आत शिरली. ती एकसारखीही साचलेली नाही: वाऱ्याच्या तोंडावरच्या घरांत खिडकीच्या वरपर्यंत ढीग लागले आहेत आणि आडोशाच्या इमारतींत फरशी अजून उघडी आहे.

गाव तिथून पुढे कोणी पाहिलेही नाही, असे मजकुराच्या काही आवृत्त्यांत असते. १९८० पासून कंपनीने काही इमारतींची डागडुजी करून तिथे संग्रहालय उभारले. पर्यटक परवाना घेऊन आत जातात, वाटाड्यासोबत फिरतात आणि ज्या छायाचित्रांमुळे ही गोष्ट जगभर पसरली ती बहुतेक अशाच तिकीट काढून आलेल्या लोकांनी टिपलेली आहेत. भोवतालच्या प्रतिबंधित प्रदेशाला २००८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तरी त्याच्या मोठ्या भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. २६ अक्षांशाखालच्या त्या जमिनीवर नामा समाजाचा दावाही मिटलेला नाही. मे २०२१ मध्ये जर्मनीने १९०४ ते १९०८ च्या संहाराला नरसंहार म्हणण्याचे मान्य करून ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले, तेव्हा हेरेरो आणि नामा समाजांतील अनेक नेत्यांनी, वाटाघाटींत आपल्याला थेट स्थान नव्हते आणि ही रक्कम नुकसानभरपाई म्हणून दिली जात नाही, या कारणांवरून तो मसुदा नाकारला.